‘आधी सुधारतो, मग कन्फेशनला जातो’ असं म्हणणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला

तुझा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात मांडते. तू सतरा वर्षांचा, वसईतल्या कुपारी (इथल्या एका कॅथलिक समाजाच्या) घरातला, बारावीला आहेस आणि कॉलेज दादरला आहे. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बायबलचं वाचन करतोस, कॉयरमध्ये गातोस. कॉलेजात एक मैत्रीण आहे, ती हिंदू घरातली, दोघं एकमेकांना आवडता. ग्रुपमधली मुलं ‘तू काय फादर होणार का?’ म्हणून चिडवतात. रात्री मोबाइलवर नको ते बघायची सवय लागली आहे. कन्फेशनला, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली द्यायला गेलं की, दर वेळी तेच सांगायची लाज वाटते, म्हणून उपवासकाळापासून (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) गेलाच नाहीस. ‘आधी सुधारतो, मग जातो’ असं ठरवलंस आणि ते काही होत नाही. शेवटी विचारलं आहेस की आजच्या काळात शुद्धतेने जगणं शक्य तरी आहे का, आणि असं असताना मी वाचनाला उभा राहतो म्हणजे ढोंगी आहे का.

मी वसईतच राहते. समुपदेशक आहे आणि बरीच वर्षं दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराच्या, तयारीला बसणाऱ्या मुलामुलींबरोबर, त्यांच्या पालकांबरोबर आणि लग्नाआधीच्या शिबिरांमध्ये काम करते आहे. मी धर्मगुरू नाही. तुझ्या आत्म्याचा हिशेब इथे बसून मांडायचा अधिकार मला नाही. पण तुझ्यासारखी मुलं नेमकी कुठे अडकतात हे पुष्कळदा जवळून पाहिलं आहे.

तुझ्या प्रश्नात जमाना आहे, मित्र आहेत, मैत्रीण आहे, मोबाइल आहे. मला मात्र सगळ्यात काळजी वाटली ती ‘आधी सुधारतो, मग जातो’ या ओळीची. मोबाइलची सवय सुटते, मी सुटताना पाहिली आहे. पण ‘स्वच्छ झालो की देवासमोर उभा राहीन’ असं ठरवलेला मुलगा हळूहळू मिस्सा सोडतो, मग मित्र सोडतो, आणि त्याचं कारण घरात कुणालाच कळत नाही. म्हणून तू लावलेला क्रम मला आधी उलटा करायचा आहे. बाकीचं त्यानंतर.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. ही सवय कधी आणि कशी लागली? कुतूहलातून, एकटेपणातून लागली असेल तर पुढचं सगळं तुझ्यासाठी आहे. पण लहान असताना कुणी मोठ्या माणसाने तुला हे दाखवलं असेल, तुझ्या अंगाला हात लावला असेल, तर ते तुझं पाप नव्हे, तुझ्यावर झालेला अन्याय आहे. त्याला वेगळी मदत लागते आणि ती लगेच लागते. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. माझ्यासारख्या समुपदेशकाकडे गेलास तर तेही चांगलंच, फक्त एक माहीत असू दे. अल्पवयीन मुलावरचा अत्याचार कानावर आला की तो पोलिसांना कळवणं पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने आम्हाला बंधनकारक आहे. आणि सवय इतकी वाढली असेल की झोप, अभ्यास, जेवण सगळं बिघडलं आहे, तर कन्फेशनच्या जोडीला डॉक्टर किंवा समुपदेशक गाठ. त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नसतं.

आता चर्च नेमकं काय शिकवतं ते बघू. आपल्याकडे मुलांपर्यंत त्यातलं ‘नको’ तेवढं पोचतं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात शुद्धतेबद्दल सलग बरेच परिच्छेद आहेत. सुरुवातच अशी आहे की माणसाची लैंगिकता त्याच्या संपूर्ण व्यक्तिमत्त्वात नीट सामावली जाणं म्हणजे शुद्धता. शरीर वाईट आहे, आकर्षण घाणेरडं आहे असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. पुढे २३४२ व्या परिच्छेदात म्हटलं आहे की आत्मसंयम हे दीर्घ आणि कष्टाचं काम आहे, एकदा मिळवला की कायमचा हाती आला असं कधी समजू नये, आणि किशोरवयात व्यक्तिमत्त्व घडत असताना हे कष्ट जास्त जाणवू शकतात. त्याच्या पुढच्याच परिच्छेदात आहे की शुद्धता टप्प्याटप्प्याने वाढते आणि त्या टप्प्यांवर अपूर्णता असते, बरेचदा पापही असतं. दृढीकरणाच्या वर्गात हा परिच्छेद वाचून दाखवते तेव्हा मुलं मान वर करून बघतात. हे चर्चने लिहिलं आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

याचा अर्थ ‘चालतं’ असा घेऊ नकोस. अश्लील चित्रफिती पाहणं ही गंभीर बाब आहे, हे तोच ग्रंथ स्पष्ट सांगतो. पण गंभीर पाप होण्यासाठी बाब गंभीर असणं एवढंच पुरेसं नसतं. पूर्ण जाणीव आणि मनापासून दिलेली संमतीही लागते. हस्तमैथुनाबद्दल लिहिताना ग्रंथ भावनिक अपरिपक्वता, सवयीचा जोर आणि चिंता यांचा विचार करायला सांगतो, कारण त्यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. तुझ्या बाबतीत ती किती कमी होते हे तू ठरवू नकोस, मीही ठरवणार नाही. ते तोलायला कन्फेशन ऐकणारा माणूस आहे. आणि नुसता मोह होणं, मनात विचार येऊन जाणं, कुणी सुंदर दिसणं हे पाप नव्हे. येशू पर्वतावरील प्रवचनात बोलतो ते कामेच्छेने पाहत राहण्याबद्दल.

‘आजच्या काळात’ असं तू लिहिलंस, त्यावर थोडं. मोबाइलने मोह खिशात आणून ठेवला हे खरंच आहे, आणि तुझ्या आजोबांना या वयात ही लढाई लढावी लागली नव्हती. पण ‘तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे’ हे संत पौलाने कुणाला लिहिलं ते बघ. कॉरिंथच्या ख्रिस्ती लोकांना. कॉरिंथ हे दोन बंदरांच्या मधलं श्रीमंत व्यापारी शहर होतं, तिथल्या स्वैर वागण्याची ग्रीक लोक उदाहरणं देत. पौल तिथे दीड वर्ष राहिला होता, त्यामुळे आपण काय मागतो आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं. शहर सोडून डोंगरावर जा असं त्याने त्यांना सांगितलं नाही. त्याच बाजारात, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहून शरीराची किंमत ओळखा, एवढं मागितलं. शुद्धतेला सोयीचा काळ कधी होता असं मला तरी वाटत नाही.

आता कन्फेशन. तुझी अडचण मला वसईतली माणूस म्हणून कळते. आपल्याकडे फादर नुसते फादर नसतात. ते घर आशीर्वादित करायला येतात, आजीला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कम्युनियनची पवित्र भाकर, द्यायला येतात, बाबांशी अंगणात बसून गप्पा मारतात. त्यांच्यासमोर हे बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. तर दुसऱ्या धर्मग्रामात (दुसऱ्या चर्चच्या हद्दीत) जा. हे पूर्णपणे मान्य आहे आणि पुष्कळ लोक करतात. तू रोज विरार फास्टने दादरला जातोस, अलीकडे माहीमला सेंट मायकल चर्च आहे. फास्ट गाडी तिथे थांबत नाही, बांद्र्याला उतरून स्लो पकडावी लागेल. बुधवारी नोव्हेनाची, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेची, तोबा गर्दी असते, कुणी कुणाला ओळखत नाही. चर्चच्या ऑफिसात फोन करून कन्फेशनची वेळ विचार आणि जा.

आत गेल्यावर काय बोलायचं हेही सांगते, कारण भीतीपेक्षा शब्द न सापडल्यामुळे अडलेली मुलं मी जास्त पाहिली आहेत. काय केलं आणि साधारण किती वेळा, एवढंच सांगायचं असतं. वर्णन करायचं नसतं. ‘फादर, मी उपवासकाळापासून आलो नाही, मला लाज वाटत होती’ या वाक्याने सुरुवात कर, पुढचं फादर विचारून घेतील. तू सांगितलेलं त्यांना कुणालाही सांगता येत नाही. तुझ्या आईलाही नाही, बिशपांनाही नाही. जो धर्मगुरू ते थेट फोडेल तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो, इतका कडक नियम आहे. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच पाप घेऊन जावं लागलं तर जायचं. कार्लो अकुतिसला पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित केलं. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेला, कॉम्प्युटरचं वेड असलेला हा मुलगा २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. तो दर आठवड्याला कन्फेशनला जायचा. व्हिडिओ गेमसाठी आठवड्याला एक तास, असं बंधन त्याने स्वतःच घालून घेतलं होतं. अशा मुलालाही दर आठवड्याला जावंसं वाटायचं, तर तुला महिन्या-पंधरवड्याला जावं लागलं यात नवल काय?

बावखलात, म्हणजे आपल्या वाडीतल्या तळ्यात, गाळ साचला म्हणून ते बुजवायचं नसतं, गाळ उपसायचा असतो. आणि दर वर्षी उपसायचा असतो.

रात्रीच्या मोबाइलबद्दल आता सविस्तर, कारण इथे इच्छाशक्तीवर विसंबणारा हमखास हरतो. मी मुलांना आठवडाभर एका कागदावर फक्त वेळ आणि त्याआधी काय झालं ते लिहायला सांगते. काय पाहिलं ते लिहायचं नाही. जवळपास दर वेळी तेच चित्र निघतं: साडेअकरा-बारा वाजलेले, दार लोटलेलं, अभ्यास झालेला नाही म्हणून मन खजील, किंवा घरात भांडण झालेलं, किंवा कुणी मेसेज वाचून उत्तर न दिलेलं. म्हणजे मूळ दुखणं बहुतेक वेळा एकटेपणाचं किंवा चिंतेचं असतं आणि मोबाइल त्यावरची गुंगी ठरतो. तुझं वेगळं निघू शकेल, म्हणून कागद भर.

मग व्यवस्था बदल. मोबाइलचा चार्जर खोलीतून काढ आणि हॉलमध्ये, वेदीच्या फळीजवळच्या प्लगला लाव. साडेदहानंतर मोबाइल तिथेच. गजरासाठी साधं घड्याळ घे. ‘अभ्यासाच्या नोट्स मोबाइलवर आहेत’ ही अडचण खरी असते, तेव्हा लागतील त्या पानांच्या झेरॉक्स काढून ठेव. आईने विचारलंच तर ‘झोप होत नाही’ असं सांग, ते खोटंही नाही. मोह समोर उभा राहिल्यावर त्याच्याशी कुस्ती खेळत बसायचं नाही, उठून खोलीबाहेर जायचं, पाणी प्यायचं, कुणाशी तरी दोन शब्द बोलायचे. आणि संयमाची सवय इतर ठिकाणीही लागू दे. शुक्रवारी मासळी-मटण सोडणं, गोड नाकारणं, गाडीत कुणाला तरी जागा देणं या लहान गोष्टी मी फार मानते. जो मुलगा दिवसभर स्वतःला कशालाच ‘नाही’ म्हणत नाही, त्याला रात्री बारा वाजता ते अचानक जमणार कसं?

रिट्रीटच्या (प्रार्थना-शिबिराच्या) शेवटच्या रात्री मेणबत्त्या लावून ‘आजपासून कधीच नाही’ अशी वचनं घेतात, त्यांवर माझा भरवसा नाही. त्या रात्रीचे अश्रू खरे असतात. पण पहिल्यांदा वचन मोडलं की मुलाला वाटतं देवाशीच बेइमानी झाली, आणि तो दुप्पट वेगाने खाली जातो. ‘आज’ एवढंच म्हण. आणि घसरलास तर त्या रात्री स्वतःला शिव्या देत जागा राहू नकोस. बायबलमधलं ५१ वं स्तोत्र वाच, झोप, सकाळची गाडी पकड.

आता तुझी मैत्रीण. तिच्याबद्दल तू चार ओळी लिहिल्यास, त्यात एक ओळ अशी आहे की तिच्याशी बोललं की दिवस चांगला जातो. ही भावना जप, तिची लाज बाळगू नकोस. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या सभांमधून मानवी शरीर आणि प्रेम यावर सलग शिकवण दिली. त्यातून मी मुलांसाठी एक कसोटी घेते: मी या व्यक्तीला काही देतो आहे की तिला वापरतो आहे? तुझी रात्रीची सवय आणि ही मैत्री यांचा संबंध इथे आहे. पडद्यावरच्या बाईला नाव नसतं, तिला ‘नको’ म्हणता येत नाही, तिचा दिवस वाईट गेलेला नसतो. रोज तसं पाहायची सवय झालेला डोळा मग समोरच्या खऱ्या मुलीकडेही तसाच बघू लागतो. लग्नाआधीच्या शिबिरांत पंचविशीतले मुलगे हे माझ्याकडे कबूल करतात, खूप उशिरा. तुला सतराव्या वर्षी ते खुपतं आहे, ही मला आशेची जागा वाटते.

मर्यादा कुठे आखायची, असं तू विचारलं नाहीस, पण ते मनात असणार. मिठीपर्यंत चालेल, अमुकपर्यंत चालेल अशी यादी मी देत नाही, कारण मग सगळं लक्ष त्या रेषेच्या काठावर जातं. दोघं पूर्ण एकटे असता अशा रिकाम्या घरात भेटू नका. दिवसाउजेडी, माणसांत भेटा. एकमेकांच्या घरी ओळख असू दे. कायद्याचंही सांगते: अठरा वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची संमती कायदा मानत नाही, दोघांना मान्य होतं म्हणून सुटका होत नाही. तसले फोटो काढणं, मागणं, पाठवणं हाही गुन्हा आहे. कुणी तुझ्या फोटोवरून धमकावलं, पैसे मागितले, तर एक रुपयाही न देता घरच्या मोठ्या माणसाला सांग आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० वर फोन कर. आणि तिचा धर्म वेगळा आहे म्हणून ही मैत्रीच पाप, असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे. पुढे कधी लग्नाचा विचार आला तर चर्च अशा विवाहाला परवानगी देतं, त्याचे नियम आहेत, ते तेव्हा बघता येईल. आज तिला एवढं सांग की माझी श्रद्धा अशी आहे आणि त्या श्रद्धेमुळे मला तुझ्याशी असं वागायचं आहे. बहुतेक मुलींना हे ऐकून सुटल्यासारखं वाटतं. समजा ती रागावली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

हे वाचणाऱ्या मुलींसाठी थोडं विषयांतर करते. आपल्या वर्गांत मुलींना कपड्यांवरून बोलतात आणि मुलग्यांना काहीच सांगत नाहीत. हा अन्याय आहे. शुद्धतेची हाक बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आहे. संत मारिया गोरेत्ती १९०२ मध्ये अकराव्या वर्षी हल्ल्यात मारली गेली, १९५० मध्ये संत झाली. तिची गोष्ट कधी कधी अशी सांगतात, जणू जी मुलगी हल्ल्यातून जिवंत वाचली तिचं काही हरवलं. हे चर्चचं म्हणणं नाही. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं आणि तिथल्या स्त्रियांवर अत्याचार झाले, तेव्हाच संत ऑगस्टिनने निक्षून लिहिलं की दुसऱ्याने बळाने केलेल्या कृत्याने स्त्रीची शुद्धता जात नाही, कारण ती मनाच्या संमतीत असते.

मित्रांच्या चिडवण्यावर वाद घालू नकोस. ‘हो, मी असाच आहे’ म्हण आणि क्रिकेटचा विषय काढ. पण एक तरी असा मित्र शोध ज्याच्याजवळ खरं बोलता येईल. धर्मग्रामाच्या युवा मंडळात तुझ्यासारखे आणखी आहेत, कुणी आधी बोलत नाही एवढंच. कार्लोबरोबर त्याच दिवशी संत झालेला पिएर जोर्जो फ्रासाती बघ. तुरीनचा, गिर्यारोहणाचं वेड असलेला, १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. मुलंमुली मिळून त्यांची एक टोळी होती, डोंगर चढायचे, खूप हसायचे, एकमेकांसाठी प्रार्थना करायचे. त्यातल्याच एका मुलीवर त्याचं प्रेमही होतं.

पालक हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. आपल्या घरात रोज संध्याकाळी जपमाळ होते, पण हा विषय वर्षानुवर्षं निघत नाही. मुलांना त्यांच्या वयानुसार लैंगिक शिक्षण मिळालं पाहिजे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच म्हटलं आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर लिहिताना त्याला स्वतंत्र भाग दिला. मुलाचा मोबाइल तपासण्याआधी त्याच्याशी बोला.

राहिला वाचनाचा प्रश्न. जो चांगुलपणाचा देखावा करतो आणि आतून बदलायची इच्छाच धरत नाही, तो ढोंगी. तू झोप उडवून हे विचारतो आहेस, तेव्हा तो शब्द तुला लागू होत नाही. वाचन सोडू नकोस. कम्युनियनचं मात्र वेगळं आहे. गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी कन्फेशन, हा चर्चचा नियम आहे आणि मी तो मऊ करून सांगणार नाही. या रविवारी बाकावर बसून राहावं लागलं तर बस. मागच्या रांगेतली मावशी बघेल, आई घरी विचारेल. ‘कन्फेशनला जायचं राहिलंय’ एवढं उत्तर पुरेसं आहे, आणि आई कदाचित तेवढ्यावरच थांबेल. बुधवार मधे आहे. बांद्र्याला उतरून स्लो पकडायची. जाऊन आलास की इथेच कळव, मग त्या कागदावर काय निघालं ते आपण बघू.